आधी सीमांतपूजन, मग अक्षता

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या बेळगावात कार्यालयांच्या दारावर केळीचे खुंट दिसू लागतात. या गटावरही पत्रिका येऊ लागल्या आहेत. वाचून आनंद होतो. म्हणूनच रविवारच्या आरतीनंतर आम्ही सेवेकरी भगिनी बसलो होतो तेव्हा ठरलं की या वेळच्या पत्रात लग्न ठरलेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी एका विषयावर मोकळेपणाने बोलू या. विषय नाजूक आहे. लग्नानंतर दोन्ही घरांशी कसं वागायचं, काय करायचं, कुठे थांबायचं, हे दोघांनी लग्नाआधीच ठरवावं का?

आमचं उत्तर सरळ आहे. ठरवावं. आणि हे ठरवणं धर्माला धरूनच आहे.

हल्लीची मुलं याला बाउंड्री म्हणतात. हा शब्द कानावर पडला की आपल्या वयाच्या माणसांना कुंपण दिसू लागतं. "म्हणजे आता आम्हाला विचारून यायचं का?" असा प्रश्न लगेच ओठावर येतो. पण बघा हं, आपल्या लग्नाची सुरुवातच मुळी सीमेच्या पूजेनं होते. सीमांतपूजन. पूर्वी वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की वधूचे आईवडील तिथे जायचे, नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे, त्याची पूजा करायचे, मग मानानं गावात घेऊन यायचे. आता गावही नाही आणि शीवही नाही. आदल्या संध्याकाळी कार्यालयातच हा विधी उरकतो. बोलता बोलता तर आपण त्याचं नाव 'श्रीमंतपूजन' करून टाकलं! नाव बदललं तसा अर्थही निसटला. सीमेचा मान बाजूला राहिला आणि घड्याळ, अंगठी, सूट यांची चर्चा उरली.

मूळ अर्थ किती सुंदर आहे. दोन घरं जिथे भेटतात, तिथे पहिला नमस्कार. तुमची हद्द इथपर्यंत, आमची इथून पुढे, आणि या रेषेवर उभं राहून आम्ही तुमचं स्वागत करतो. सीमा आहे म्हणून स्वागत आहे. सीमाच नसेल तर स्वागत कुठे उभं राहून करणार?

*बांध कशासाठी असतो*

आपल्याकडे खानापूरच्या बाजूला भाताची खाचरं आहेत. ज्यांचं शेत आहे त्यांना सांगायला नको. खाचराला बांध असतो म्हणून पाणी ठरतं आणि भात येतो. एखाद्यानं लोभानं दरवर्षी वीतभर बांध कोरत नेला तर शेवटी बांध फुटतो आणि कोरणाऱ्याचंही पाणी वाहून जातं. पण नुसता बांध घालूनही भागत नाही. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी खालच्यात जायला जागा ठेवावी लागते. ती बुजवली तर वरचं कुजतं आणि खालचं वाळतं.

संसाराचं असंच आहे. नव्या जोडप्याचं खाचर लहान असतं. त्याला बांध हवा आणि दोन्ही घरांची माया आत यायला, त्यांची सेवा बाहेर जायला वाटही हवी. हे दोन्ही कुठे कुठे ठेवायचं, ते पाऊस येण्याआधी ठरवतात. भर पावसात बांध घालायला गेलं की चिखलच होतो. लग्नानंतर पहिल्याच सणाला भांडण झाल्यावर "आता आपण काही नियम ठरवू या" असं म्हणणं म्हणजे भर पावसात बांध घालणं.

*एक खरा प्रसंग*

नावं सांगत नाही. मुलगा खानापूरकडचा, नोकरी पुण्यात. मुलगी फोंड्याची, एकुलती एक. वडील नाहीत, आई एकटी. साखरपुडा झाला. हॉल, जेवण, फोटो, शालू, सगळं ठरलं. मुलाकडे गणपती पाच दिवसांचा, सगळी भावकी जमते. मुलीकडे चवथीला दीड दिवसाचा गणपती, आणि माटोळी बांधायला आई नि लेक दोघीच.

मुलाच्या आत्यांनी एक दिवस घरच्या गटावर "नव्या सूनबाईंचे पहिल्या वर्षीचे सण" अशी मोठी यादी टाकली. प्रेमानंच टाकली. पहिलं नाव गणपतीचं. निळ्या खुणा उमटल्या, मुलीचं उत्तर काही आलं नाही. दोन दिवसांत "मुलगी आखडू आहे" इथपर्यंत गोष्ट गेली. तिकडे मुलगी रडत होती की चवथीला आई एकटी माटोळी कशी बांधणार.

दोघं केंद्रावर आली. आम्ही फार काही केलं नाही. एवढंच विचारलं, "हे तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात का?" दोघांनी मान हलवली, नाही. दोघांनाही वाटत होतं, लग्नानंतर बघू.

मग बोलली. एका बैठकीत नाही, तीन-चार रविवार गेले. ठरलं असं की चतुर्थीला दोघांनी फोंड्याला असायचं, कारण तिथे करणारं दुसरं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं की चोर्ला घाटानं खानापूरला यायचं आणि पुढचे सगळे दिवस तिथे. आणि हे घरी कुणी सांगायचं? मुलानं. त्याच्या आईला त्यानं. मुलीनं नाही, मुलीच्या आईनं नाही, गटावर लिहून तर नाहीच नाही. तो रजा घेऊन आला, आईजवळ चुलीशी बसला आणि बोलला.

ती माउली दोन दिवस गप्प होती. कुणालाही लागणारच. तिसऱ्या दिवशी तिनं मुलाला विचारलं, "माटोळीला बांधायला आपल्या परसातल्या काकड्या देऊ का बरोबर?"

आत्या अजून थोड्या रुसल्या आहेत. चालायचंच. पण त्या काकड्यांत आम्हाला सीमांतपूजन दिसलं. रेष आखली गेली होती, आणि रेषेवर उभं राहून कुणीतरी आहेर देत होतं.

*सीमा कुणावर घालायची?*

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंची कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. त्या चोवीस गुरूंत समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून येतात म्हणून तो काठ सोडत नाही, आणि उन्हाळ्यात नद्या आटल्या म्हणून तोही आटत नाही. त्याच चोवीसांत कबूतरही आहे. पिल्लांच्या मोहात ते जाळ्यात शिरलं आणि सगळं कुटुंब फासेपारध्याच्या हाती गेलं. कुटुंबावर प्रेम करू नका असा याचा अर्थ नाही. प्रेमात भान सुटलं की आपल्याच माणसांना वाचवता येत नाही, असा आहे.

समुद्र नद्यांना बांध घालत नाही. तो स्वतःची मर्यादा सांभाळतो. म्हणून सीमा ही आपल्या वागण्याची असते. "आम्ही दर महिन्याला इतकी रक्कम दोन्ही घरी देऊ," ही सीमा झाली. "तू तुझ्या आईला फोन करायचा नाहीस," ही सीमा नव्हे, हा जाच आहे. "आमच्या दोघांतलं भांडण आम्ही बाहेर नेणार नाही," ही सीमा. "घरात काय चालतं ते माहेरी सांगितलंस तर बघ," ही धमकी. शब्द सारखेच वाटतात, पण एकात आपण स्वतःला बांधतो आणि दुसऱ्यात समोरच्याला. लग्नाआधीच अशी धमकीची भाषा ऐकू आली तर मुलींनो, आणि मुलांनोसुद्धा, पत्रिका छापून झाल्यात म्हणून गप्प बसू नका. घरच्या मोठ्यांना सांगा, आम्हाला सांगा. बायकांसाठी 181 हा मदतीचा नंबर आहे, तोही लक्षात ठेवा. मार खाऊन सोसणं याला गुरुमार्गात सेवा म्हणत नाहीत.

*दोघांनी काय काय बोलावं?*

हे प्रश्न वहीत लिहून घ्या. एकेका प्रश्नाला एक संध्याकाळ द्या.

1. राहणं. एकत्र की वेगळं? एकत्र असू तर आमच्या दोघांचा म्हणून दिवसातला किती वेळ? वेगळं असू तर घराची किल्ली कुणाकुणाकडे, आणि येण्याआधी फोन करायचा का?

2. पैसा. दोघांच्या पगारातून कुठल्या घरी किती? कुणाचं शिक्षणाचं कर्ज, घराचा हप्ता, भावाबहिणीचं लग्न बाकी आहे का? हे लपवून लग्न करू नये.

3. सण आणि कुलाचार. गणपती-गौरी, दिवाळसण, संक्रांतीचं वाण, कुलदैवताला जाणं. काय करायचंच, काय जमेल तसं, काय आळीपाळीनं?

4. बोलणं. आमच्यातली कुठली गोष्ट आईला सांगायची आणि कुठली दोघांतच ठेवायची? घरच्या गटावर आमचे फोटो, आमच्या बातम्या कोण टाकणार?

5. मूल. कधी, हे दोघांनी ठरवायचं. हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तेही ठरवून ठेवा. हसून एकच वाक्य, दोघांचं सारखं.

6. आजारपण आणि म्हातारपण. चौघांपैकी कुणी अंथरुणाला खिळलं तर काय करू?

सहाव्या प्रश्नावर थोडं थांबू. "मुलीच्या आईवडिलांचं मुलगी बघेल, पण लग्नाआधी," असं आपल्याकडे अजून मनात असतं. कायदा याच्या पुढे गेला आहे. विवाहित मुलीचं स्वतःचं पुरेसं उत्पन्न असेल तर आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी तिच्यावरही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1987 सालीच सांगितलं. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. आणि 2007 च्या कायद्यानं आईवडिलांना सांभाळणं हे मुलांचं कर्तव्य पुन्हा नीट लिहून ठेवलं. तेव्हा सून आपल्या आईला दरमहा पैसे पाठवते यात सासरचा अपमान नाही. ती आपलं कर्तव्य करते आहे. ज्या मुलीला स्वतःच्या आईची सेवा मोकळ्या मनानं करता येते, ती सासूची सेवाही मोकळ्या मनानं करते.

आणि देण्याघेण्याचं म्हणाल तर हुंडा घेणं, देणं आणि मागणं हा 1961 पासून गुन्हा आहे. "आमचं काही मागणं नाही, तुमच्या हौसेनं करा," हे वाक्यही आपण सगळे ओळखतो. मुलानंच आधी आपल्या घरी स्पष्ट सांगितलं की हौसेच्या नावाखाली काहीही घेणार नाही, तर पहिली आणि सगळ्यांत पवित्र रेष आखली गेली म्हणून समजा.

*कसं सांगावं?*

आधी दोघांचं एकमत. मग जो तो आपल्या घरी. आपल्या आईवडिलांना आपण सांगायचं, जोडीदाराच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही. "ती म्हणते म्हणून" किंवा "त्याला आवडत नाही" हे शब्द वापरले की घरात कायमचा एक आरोपी तयार होतो. "आम्ही दोघांनी असं ठरवलंय" असं म्हणा.

काय करणार नाही ते सांगण्याआधी काय करणार आहोत ते सांगा. "दर शनिवारी आम्ही येणार नाही" असं म्हणू नका. "महिन्यातला दुसरा रविवार पूर्ण तुमचा, बाकी जमेल तसं" असं म्हणा. आवाज खाली ठेवा. डोळ्यांत बघा. आणि कबूल केलेला तो दुसरा रविवार चुकवू नका. शब्द पाळणाऱ्याची रेष सगळे पाळतात.

एक वर्षानं पुन्हा बसा. जे जमलं नाही ते बदला. बांधाची डागडुजी दरवर्षी करावीच लागते.

*आपल्या गुरुमार्गाबद्दल*

आता थोडं कडू वाटेल ते बोलतो. आपल्या काही घरांत लग्न ठरलं की लगेच मुलीला माळ, पोथी, गुरुवारचा उपवास, पारायणाची तारीख असं सगळं एकदम सांगितलं जातं. मुलाकडच्यांनाही कधी कधी मुलीकडून असाच आग्रह होतो. भक्तीपोटी होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण श्रद्धा रुखवतात मांडून देता येत नाही. दत्तात्रेयांनी आपले चोवीस गुरू स्वतः पाहून, स्वतः निवडले. कुणी हाताला धरून पृथ्वीसमोर, समुद्रासमोर बसवलं नव्हतं. मग येणाऱ्या मुलीला किंवा जावयाला तेवढी मोकळीक आपण द्यायला नको का?

म्हणून वहीत सातवा प्रश्न लिहा. साधना. मी रोज किती वेळ बसतो किंवा बसते, त्या वेळी घरातलं काम कोण बघणार, केंद्राच्या सेवेला महिन्यातले किती दिवस, देणगी किती, आणि जोडीदार या मार्गात नसला तर त्याला न दुखावता हे कसं चालेल? नवरा पहाटे जपाला बसतो आणि बायको डबा करते, मुलांना उठवते, पाणी भरते, असं रोजच चालत असेल तर त्या जपाचं अर्धं पुण्य स्वयंपाकघरात जमा होतं, हे आम्ही बायका तरी ओळखून आहोत!

*आणि आपण मोठ्यांनी?*

पैठणच्या नाथमहाराजांच्या घरची कथा परंपरेनं आपल्यापर्यंत आली आहे. त्यांचा मुलगा हरिपंडित मोठा संस्कृत पंडित. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, याचा त्याला कमीपणा वाटे. तो काशीला निघून गेला. नाथ त्याला आणायला गेले तेव्हा त्यानं अटी घातल्या. परान्न घ्यायचं नाही आणि पुराण संस्कृतातच व्हायचं. नाथांनी त्या ऐकल्या, थट्टा केली नाही, पाळूनही पाहिल्या. पण पुराणाला येणारी माणसं कमी होत गेली. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेली एक गरीब बाई दारी आली आणि नाथ तिच्याकडे जेवायला गेले. हरिपंडितानं उष्टी पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी, अशा हजार निघाल्या असं सांगतात. मग त्याचा अभिमान गळाला.

या कथेतून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. वडील कितीही थोर असले तरी त्यांनी मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं, घर तुटू दिलं नाही. ही आपल्यासाठी. आणि लोक काय म्हणतील या भीतीतून किंवा आपण वरचढ आहोत या भावनेतून आखलेली रेष टिकली नाही. ही मुलांसाठी. आपली रेष कशातून आली आहे ते एकदा तपासा. आईवडील गावाकडचे आहेत, मित्रांसमोर लाज वाटते म्हणून त्यांना लांब ठेवत असाल तर ती सीमा नव्हे. संसार आणि सेवा दोन्ही टिकावं म्हणून आखत असाल तर खुशाल आखा, आमचा आशीर्वाद आहे.

आईवडील हो, मुलगा समोर बसून "आम्ही असं ठरवलंय" म्हणाला की छातीत चर्र होतं, हे आम्हीही जाणतो. आपल्या वेळी कुणी आपल्याला विचारलं नव्हतं, तेही आठवतं. पण सप्तपदी आठवा. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातवं पाऊल सख्याचं. ती सात पावलं दोघंच चालतात. आपण बाजूला अक्षता घेऊन उभे असतो. ज्या विवाहात सप्तपदी आहे तो सातव्या पावलाला पूर्ण होतो, हे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही लिहिलं आहे. त्या पावलांत आपण आठवं पाऊल घालायचं नसतं. आपलं काम अक्षता टाकण्याचं, आणि दोघं अडखळली, त्यांनी हाक मारली, तर धावत जाण्याचं.

*या आठवड्याची साधना*

ज्यांची लग्नं ठरली आहेत त्यांनी रोज संध्याकाळी दिवेलागणीला दहा मिनिटं गुरूंचं स्मरण करून एक प्रश्न बोलावा. लांब असाल तर फोनवर. भांडण झालं तर तिथेच थांबा, नामस्मरण करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

आईवडिलांनी मुलांना एकदा आपणहून विचारावं, "तुमच्या दोघांसाठी आमच्याकडून काय हवंय आणि काय नको?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं. हे गप्प बसणं हीच या आठवड्याची मोठी तपश्चर्या समजा.

कुणाला बोलायला अडचण वाटली तर रविवारी आरतीनंतर आम्ही केंद्रावर असतोच. दोघांनी मिळून या. चहा आमच्याकडे.

सर्व नवदांपत्यांना सद्गुरुमाउली सुखात ठेवो, दोन्ही घरचे बांध पक्के राहोत आणि मधली वाट कधी न बुजो, हीच प्रार्थना.

जय गुरुदेव. 🙏

आपल्या,
केंद्रातील सेवेकरी भगिनी, बेळगाव